नवसाचे बदलीवाले

“नोकरीतले अनुभव लिहा,” असं या अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, तेव्हाच मी त्यांना सावध केलं होतं. माझ्या नोकरीत दरोडे नाहीत, विमानं नाहीत, मंत्र्यासंत्र्यांचे फोन नाहीत. माझ्या नोकरीत मीठ आहे. लोकांनी किती मीठ खावं हे सांगण्याचा पगार मी निवृत्त होईपर्यंत घेतला. आता घरी तेच फुकट सांगते, तर नातवंडं ऐकत नाहीत.

डिलाईल रोडच्या एका धर्मादाय दवाखान्यात मी आहार-सल्लागार होते. डॉक्टर औषध लिहून द्यायचे आणि “पुढचं बाईंना विचारा” म्हणून माणूस माझ्या टेबलाकडे ढकलायचे. बहुतेकांना मीठ कमी करायला सांगावं लागे. मोजकी माणसं उलटी. त्यांचा रक्तदाब मुळातच कमी, त्यांना मीठ हवं. अशा माणसाला घरात कुणी विचारत नाही. दाब जास्त असलेल्या सासऱ्याला सगळे जपतात, आणि उठताना डोळ्यांपुढे अंधारी येणाऱ्या सुनेला म्हणतात, नाटकं करते.

चाळीतल्या माणसाला हे समजावणं सोपं असे. मी म्हणायची, “तुमच्या वरच्या मजल्याच्या नळाला कधी धार येते, कधी नुसती हवा. का? टाकीत पाणी कमी. डोकं हा आपला वरचा मजला. मीठ अंगात पाणी धरून ठेवतं. मीठही नाही आणि पाणीही नाही, तर वर धार पोचायची कशी?” मग सांगायचं ते असं: जेवणात चवीपुरतं मीठ नीट घाला, मीठ-जिरं घातलेलं ताक प्या, सकाळी मिठाची पेज घ्या, पाणी भरपूर, पोट फार वेळ रिकामं ठेवू नका, एकदम भरूही नका, अंथरुणातून उठताना आधी बसा, मग उभे राहा. आणि मीठ हवं म्हणजे फरसाण नव्हे. प्रभादेवीचे एक निवृत्त मास्तर माझा सल्ला ऐकून रोज बशीभर पापड तळून खाऊ लागले, वर खिशात मिठाची पुडी. भर सभेत भाषण करता करता बोट बुडवून चाटायचे. दाब सुधारला, पण पोट असं बिघडलं की मला बघताच रस्ता ओलांडायचे. (हे वाचून कुणी आपल्या मनानं मीठ वाढवू नये. हृदयाचं किंवा मूत्रपिंडाचं दुखणं असलं तर तेच मीठ वैरी. आधी दाब मोजा, डॉक्टरांना विचारा. झालं. सवय जात नाही.)

मी तेव्हा कशी होते ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. गिरगावातली, चातुर्मासात कांदासुद्धा वर्ज्य असणाऱ्या घरातली, गृहविज्ञानाची पदवी नुकतीच पदरात पडलेली. स्टार्चची कडक साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ, आणि टेबलामागे मी स्वतः रंगवलेला समतोल आहाराचा तक्ता. त्यात मधोमध लालभडक सफरचंद. समोरच्या बाईच्या घरी तेल संपलंय की रॉकेल, हे न विचारता मी त्या सफरचंदावर पट्टी ठेवून बोलायची. माझं नाव त्या भागात कुणालाच ठाऊक नव्हतं. मी ‘सफरचंदबाई’. मला वाटायचं, लाडानं म्हणतात.

मग संप सुरू झाला. गिरण्यांचे भोंगे थांबले आणि पहिल्या काही आठवड्यांत दवाखान्यात गर्दी उलट कमी झाली. पुरुष मोर्च्यांना, बायका आशेवर. होळी गेली, पाडवा गेला, तसे चेहरे उतरायला लागले.

एका सकाळी तातू गुरव नावाचा साचेवाला एका बाईला धरून घेऊन आला. साचे म्हणजे माग. कापड विणतात ते यंत्र. बाई रेशनच्या रांगेत कोसळली होती. चाळिशीची, ठेंगणी, आवाज मात्र रस्त्यापलीकडे जाणारा. शेवंताबाई. पहिल्या मजल्यावर दोन खोल्यांत तिची खानावळ होती. बायकामुलं गावी ठेवून मुंबईला एकटे राहणारे मालवणकडचे गिरणी कामगार तिच्याकडे जेवायचे. नवरा भिकाजीही साचेखात्यातच. डॉक्टरांनी दाब मोजला, परत मोजला आणि माझ्याकडे पाठवलं.

“मीठ वाढवा,” मी पट्टी उचलत म्हटलं.

“ताच नाय जमाचा.”

“का?”

“देवीक बोललंय. संप मिटासर मीठ खावचंय नाय.”

गावच्या देवीला नवस होता. ज्या दिवशी भिकाजीभाऊ साचा सोडून बाहेर आले त्याच दिवशी तिनं देवीच्या तसबिरीपुढे दिवा लावून मीठ सोडलं होतं. संप मिटेपर्यंत गोड, तिखट, आंबट सगळं चालेल, मीठ नाही. अळणी भात, अळणी आमटी. पंधरा-वीस दिवसांचा प्रश्न, असं तेव्हा सगळ्यांनाच वाटलं होतं.

मी पदवीधर. मी काय हटते! “मग उपासाचं शेंदेलोण घ्या. ते चालतं.”

“ता उपासाक चलता. ह्यो नवस असा.”

“बरं, मी तुम्हाला मीठ-साखरेचं पाणी बाटलीत देते. औषध म्हणून घ्यायचं.”

ती माझ्याकडे असं बघत राहिली, जसं आपण दोन रुपयांचं नाणं गिळलेल्या पोराकडे बघतो. “गो चेडवा, देवी काय बाटलेचा लेबल वाचता?”

तातू तोंड फिरवून हसला. डॉक्टर आतून म्हणाले, “नवसावर आपल्याकडे औषध नाही. तू रोज दुपारी तिच्याकडे फेरी मार. नजर ठेव.” म्हणून मी जाऊ लागले, आणि माझ्या आयुष्यातली सगळ्यात चमत्कारिक नोकरी सुरू झाली.

असं बघा, अळणी राहणारी बाई खानावळ चालवते. स्वतःच्या सारातलं मीठ तिला चाखता येत नाही. साचेखात्यात धागा तुटू नये म्हणून हवा ओलसर, गरम ठेवलेली असायची. तिथे आठ तास घामानं निथळणाऱ्यांना जेवण चांगलं खारं लागायचं. आता घाम नाही, काम नाही, पण जिभा त्याच. गावी न गेलेले जे थोडे लोक उरले होते ते एक दिवस “खारट” म्हणून पाणी मागायचे, दुसऱ्या दिवशी “पाणचट” म्हणून भांडायचे. भिकाजीभाऊ दुपारी सभेला. तेव्हा पहिल्याच भेटीत शेवंताबाईनं माझ्यापुढे पळी धरली.

“चाख गो.”

“काय आहे?”

“बांगड्याचा तिकला.”

मी म्हटलं, “आमच्यात चालत नाही.”

“माजो नवस मोडलेलो तुका चलता, आणि तुजो आचार मोडलेलो चलत नाय? बरा असा हां!”

मी नाक दाबलं, डोळे मिटले, आणि पूर्वजांची क्षमा मागून एक थेंब जिभेवर घेतला. मग दुसरा घेतला. तिसऱ्याला तिनं पळी काढून घेतली. “चाखूक सांगलंय, जेवूक नाय.” पुढे मी रोज ‘मीठ बघायला’ जायची ती इतक्या निष्ठेनं की घरी आई म्हणायची, नोकरीनं पोरीचा चेहरा भरला. हातपाय साबणानं तीनतीनदा धुऊन मी गिरगावात शिरायची. आईला कळलं नाही. किंवा कळलं असेल, कोण जाणे. आया काय काय गिळतात ते आई झाल्यावर समजतं.

हे सगळं मजेचं होतं तोवर ठीक. दर भेटीला मी दाब मोजत होते आणि दर भेटीला तो मला घाबरवत होता. पावसाळ्याच्या तोंडाला, चुलीवरून पेजेचं भांडं उतरवताना शेवंताबाईला अंधारी आली. भांडं कलंडलं. उकळती पेज डाव्या हातावरून गेली. कोपरापर्यंत कातडं सोललं. मी ड्रेसिंग करत होते आणि ती ओरडायचं सोडून एवढंच म्हणत होती, “लोकांची पेज गेली गो.”

तातू दारात उभा होता. तो गावच्या गुरवाच्या घरातला. देवाला गाऱ्हाणं घालायचा अधिकार त्याच्या घराकडे. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे मोठ्यानं मांडलेली विनंती. एकानं सांगायचं, बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणून दुजोरा द्यायचा. तातू म्हणाला, “नवस मोडूक येवचो नाय. पण दुसऱ्यान अंगार घेतल्यान तर देवी आयकता.”

“अंगावर कोण घेणार?” मी विचारलं.

भिकाजीभाऊ कोपऱ्यात बसले होते. या माणसाचं बोलणं मी तोवर ऐकलंच नव्हतं. स्वतःच्या वाट्याचं आणि त्यांच्या वाट्याचं दोन्ही बायकोच बोलायची. ते उठले, तसबिरीपुढच्या नारळावर हात ठेवला. “माज्यार घेतंय.”

तातूनं टोपी घातली आणि खोलीत गावचं देऊळ उभं केलं.

“बा देवी माउली म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“तुजी लेक शेवंता तुज्या पायाकडे शब्द ठेवन बसली हा. त्या शब्दापायी आज तिचो हात भाजलो, उद्या जीव जायत म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“गिरणीत माणसाचो खाडो झालो म्हणान साचो थांबता? नाय! बदलीवालो उभो रवता. तसो तिचो घोव आजपासून तिच्या जाग्यार उभो रवता. तुजो नवस बंद पडाचो नाय. तिका मीठ दी, आणि ह्यो संप लवकर मिटय म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

शेवटचं ‘व्हय म्हाराजा’ मीही म्हटलं. जरा उशिरा आणि शुद्ध उच्चारात, त्यामुळे सगळ्यांनी वळून बघितलं.

खाडा म्हणजे गैरहजेरी, आणि बदलीवाला म्हणजे कायम कामगार आला नाही की त्याच्या साच्यावर उभा राहणारा माणूस. गिरणगावात हे लहान पोरालाही ठाऊक होतं. यंत्र कुणासाठी थांबत नाही, माणूस बदलतो. देवीच्या कारभारातही तेच चालतं, हे मला त्या दिवशी समजलं.

भिकाजीभाऊंचा दाब मी मोजला तर तो चढा निघाला. मी हरखलेच. एकीला मीठ हवं होतं, ते मिळालं. दुसऱ्याला नको होतं, ते सुटलं. आहारशास्त्राच्या पुस्तकात यापेक्षा सुबक उदाहरण नसेल! दवाखान्यात जाऊन मी ते डॉक्टरांना असं सांगितलं, जणू गाऱ्हाणं मीच रचलं होतं.

आणि खरंच, पुढचे काही महिने चांगले गेले. शेवंताबाई सकाळी मिठाची पेज घेऊ लागली. दुपारी ताक. थोडं थोडं, पण वेळेवर खाणं. हाताशी भाजलेले शेंगदाणे. उठताना आधी बसायचं हे तिला शिकवताना मला घाम फुटला, कारण बसणं हा प्रकारच तिच्या स्वभावात नव्हता. पहिल्यांदा मीठ घातलेला घास तोंडात घेतला तेव्हा ती बराच वेळ चावत राहिली. नवऱ्याकडे बघितलं नाही. तो समोर अळणी भात कालवत होता. हाताचा फोड सुकला, आवाज पुन्हा रस्त्यापलीकडे जाऊ लागला. भिकाजीभाऊंचा दाबही उतरून बेताचा झाला. मी दोघांना शेजारी बसवून दोघांचे आकडे मोठ्यानं वाचायची.

संप मात्र मिटेना.

खानावळीतले लोक एकेक करून गावी गेले. जाताना प्रत्येकजण वळकटी तिच्याकडे ठेवून जायचा, “परत येतलंय मां” म्हणून. जेवायला माणसं उरली नाहीत, वळकट्या उरल्या. चूल पेटवायची तर कुणीतरी कमवायला हवं. पुढच्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला भिकाजीभाऊंना कॉटन ग्रीनच्या एका गोदामात हमालीचं काम मिळालं. साचेवाला माणूस. हातात नजर, बोटांत धागा. त्याच्या पाठीवर पोती आली.

मला हे कळलं ते शेवंताबाईकडून. “ह्ये आजकाल जेवनत नाय. मळमळता म्हणतत. पायात गोळे येतत.” मी दाब मोजायला गेले तर भाऊ घरी नव्हते. दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यातून सरळ गोदामावर गेले. पत्र्याचं छप्पर, आत भट्टी. हमाल विश्रांतीला बसले होते. त्यांच्या बनियनवर वाळलेल्या घामाच्या मिठाचे पांढरे नकाशे उमटले होते. मधोमध बादली, तिच्यात लिंबू-मिठाचं पाणी, सगळे पीत होते. भिकाजीभाऊ बाजूला, वेगळ्या कळशीतलं साधं पाणी पीत. त्यांच्या बनियनवर नकाशा नव्हता. घामात जायला मीठच उरलं नव्हतं.

घरी बसलेल्या, चढा दाब असलेल्या माणसाला मीठ सोडणं हे औषध. त्याच माणसाला उन्हात पोती वाहायला लावा, औषधाचं विष होतं. आणि वर नुसतं पाणी ढोसायचं म्हणजे उरलंसुरलं मीठही पातळ करायचं. हे मी त्यांना तिथेच, हमालांसमोर सांगितलं. सफरचंद नाही, पट्टी नाही. हात जोडून.

“भाऊ, नवस देवीला परत करा.”

“ती घेवची नाय. संप खय मिटलो?”

“मग मला द्या. मी अळणी राहते. मला कुठे पोती उचलायचीत?”

ते हसले. त्या माणसाला हसताना मी पहिल्यांदा बघितलं. “बाय, नवस काय बिडी असा? ह्येच्या तोंडातली काढून त्येच्या तोंडात? एकदा फिरवलो. आता माज्याकडेच रवांदे.”

मुकादमानं हाक मारली. ते उठले, आणि उठताना पत्र्याच्या खांबाला हात टेकला.

त्या संध्याकाळी मी आणि शेवंताबाई डोकं खाजवत बसलो. वरून न घालता मीठ कुठल्या खाण्यात असतं? दुधात थोडं असतं, पालेभाजीत असतं, अंड्यात असतं. आणि समुद्राच्या जिवांत! तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, उकळल्या की त्यांतून जे पाणी सुटतं ते खारंच असतं. तातूला बोलावून विचारलं. त्यानं डोळे मिटून विचार केला. “मीठ माणसान घातला काय?”

“नाही.”

“समुद्रान घातला. समुद्राचो नवस नाय.”

रोज संध्याकाळी तिसऱ्यांचं पाणी सुरू झालं. कोळीण आमची गरज बघून वाटा मोठा घालायची. भाऊ वाडगा हातात घेऊन पहिल्या घोटाला थांबले, बायकोकडे बघितलं, तातूकडे बघितलं, मग पिऊन टाकलं. पायातले गोळे कमी झाले. चेहऱ्यावर जरा रंग आला. आम्ही तिघंही चोरासारखे खूश होतो.

पण तो वाडगा संध्याकाळचा. ऊन दुपारचं. दिवसभर गळून गेलेलं रात्रीच्या एका वाडग्यानं कितीसं भरणार? मी डॉक्टरांना घेऊन गेले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, काम थांबवा किंवा मीठ खा. शेवंताबाईनं पाया पडून सांगितलं. ते दोघांचं सगळं ऐकून घ्यायचे आणि सकाळी कामाला जायचे. मे संपत आला होता. एका दुपारी दोन हमाल त्यांना टॅक्सीत घालून इस्पितळात घेऊन गेले. मी पोचले तोवर संपलं होतं. हमालांपैकी एकजण मला परत परत सांगत होता, “बादली त्यांच्या पुढ्यातच होती हो बाई. मी तांब्या भरून दिला. म्हणाले, नको.”

तेराव्याचं जेवण झालं आणि शेवंताबाईनं आपल्या ताटातला मिठाची चिमूट परत बरणीत टाकली.

“माजा होता ता माज्याकडे इला.”

माझ्या पिशवीत दाब मोजायचं यंत्र होतं. मी ते काढलं नाही. मांडलं तरी काय असतं? मला सगळे आकडे आधीच माहीत होते. मी म्हटलं, “असं करून तुम्ही पण जाल.”

“मगे तेंचा मराण फुकट घालवू?”

हा प्रश्न कुठल्याही तक्त्यावर नव्हता. नवस मोडला तर नवरा कशासाठी गेला? आणि पाळला तर तीही जाणार. 

बोलली ती सुमन कांबळे. समोरच्या चाळीत राहणारी, बौद्ध, तिचा नवरा त्याच गिरणीत सूतखात्यात. तेराव्याला भांडी घासायला मदत करत होती. हात धुऊन ती आत आली.

“शेवंताताई, मी नवसबिवस मानत नाही, तुला ठाऊक आहे. देवीचं आणि माझं काही देणंघेणं नाही. पण संप माझ्याही घरचा आहे. रोज एकटीनं का उपाशी जिभेनं बसायचं? बुधवार माझा. बुधवारी मी अळणी जेवीन. संपासाठी, देवीसाठी नाही.”

मग तातू म्हणाला, “सोमवार माजो.”

मजल्यावरच्या बायका एकेक वार उचलायला लागल्या. कुणी शुक्रवार, कुणी रविवार. “रविवार नको गो, रविवारी ह्येंका मटण लागता!” “मग शनिवार घे, मारुती बघून घेईल. रविवार माझा.” नवऱ्याच्या तेराव्याला शेवंताबाईच्या खोलीत हसू फुटलं आणि त्याच हसण्यात ती पहिल्यांदा मोठ्यानं रडली. मंगळवार देवीचा, तो तिनं स्वतःकडे ठेवला. आठवड्यातून एक दिवस अळणी राहिल्यानं तिचा दाब कोसळणार नाही, हे मी शपथेवर सांगितलं. गुरुवार उरला होता. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

“सफरचंदबाईक झेपात काय?” कुणीतरी म्हणालं.

मी गुरुवार घेतला.

तातूनं पुन्हा टोपी घातली. गाऱ्हाण्यात त्यानं सातही बदलीवाल्यांची नावं घेतली. सुमनच्या नावाशी थांबला, तर ती म्हणाली, “माझं नाव घे. फक्त देवीला सांग, मी तिला ओळखत नाही.” तातूनं ते जसंच्या तसं सांगितलं, आणि सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणाले. या खेपेला माझा उच्चार बरा होता.

यानंतरच्या वर्षांत माझ्या टेबलापुढून किती माणसं गेली असतील! मीठ कमी, मीठ जास्त. सफरचंदाचा तक्ता मी काढून टाकला आणि त्याजागी काहीच लावलं नाही. आलेल्या माणसाला आधी विचारायचं, काम काय करता, घाम किती येतो, घरी जेवायला कोण कोण, कुणी काही सोडलंय का. एवढं कळलं की बाकीचं सोपं होतं.

शेवंताबाई वळकट्या ज्याच्या त्याच्या माणसांकडे पोचत्या करून गावी गेली. संप मिटला असं कधी कुणी जाहीर केलंच नाही. तो नुसता विरत गेला. काही कामावर घेतले गेले, बरेच नाही. पुढे गिरण्याच बंद झाल्या, चिमण्या पडल्या, तिथे काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. पण ‘मिटला’ हा शब्द कुणी उच्चारला नाही, म्हणून आमचे वार चालूच राहिले. माझ्या सासरचे समजले, मी दत्ताचं करते. मी समजू दिलं. सूनही तेच समजते आणि गुरुवारी माझ्यासाठी पेढे आणते. तेही मी खाते.

वर्षातून एकदा, जत्रेच्या सुमारास शेवंताबाईचा फोन यायचा. आवाज तोच, फोनची गरज नसलेला.

“तुजो गुरवार चलता मां?”

“चालतो.”

“संप मिटलो?”

“नाही, बाई.”

“बरा. जप जिवाक.”

तातू गेला. सोमवार त्याच्या मुलीनं काही वर्षं केला, मग ती परदेशी गेली. सुमनचा बुधवार तिच्या शेवटच्या आजारापर्यंत होता. इस्पितळातल्या जेवणात मीठ नाही म्हणून बाकीचे कुरकुरायचे तेव्हा ती म्हणायची, मला सवय आहे. बाकीच्या कुठल्या कुठे पांगल्या.

गेल्या वर्षी जत्रा नसताना फोन आला. शेवंताबाईच्या पुतण्याची सून बोलत होती. म्हातारी अंथरुणाला खिळली होती, दाब फार खाली, माणसं ओळखत नव्हती. वारही कळत नव्हता, त्यामुळे रोजच मंगळवार समजून मीठ नको म्हणत होती. मिठाची पेज थुंकून टाकायची. डॉक्टरांचं ऐकेना, देवीचा अंगारा लावला तरी ऐकेना. “तुमचं नाव मधेच घेतात. तुम्हीच सांगा त्यांना काहीतरी.”

फोन तिच्या कानाशी धरला. श्वास ऐकू येत होता.

“शेवंताबाई, मी बोलतेय. सफरचंदबाई.”

अगदी बारीक आवाजात, “संप मिटलो?”

आयुष्यभर मी रोग्यांना खरं तेच सांगितलं. थोडं घाबरवून सांगितलं असेल, पण खरं.

“मिटला, बाई,” मी म्हटलं. “कालच मिटला. सगळे कामावर गेले.”

“ह्ये गेले?”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“गेले.”

“डबो न्हेल्यानी?”

“नेला,” मी म्हटलं. “भरून नेला.”

त्या दिवशी तिनं मीठ घातलेली पेज घेतली, असं सून म्हणाली. पुढे आठवडाभर घेत होती, मग कशाचीच गरज राहिली नाही. तिला मी सांगितलं, म्हणून तिचा नवस फिटला. मला ‘मिटला’ असं सांगणारं आता कुणी उरलेलं नाही. माझा गुरुवार चालू आहे.